‘शुगर’ शर्करेची, पण इंग्रजी संस्कृतची नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गुऱ्हाळे सुरू झाली, की आपल्याकडच्या भाषणांत आणि लेखांत एक विधान हमखास डोकावते : इंग्रजीतला ‘शुगर’ हा शब्द ‘शर्करा’पासून आला, म्हणजे इंग्रजीच संस्कृतातून निघाली. यातला पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध त्यातून सिद्ध होत नाही.

‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, वाळू. प्राकृतांतून तिची आपली ‘साखर’ झाली, फारसीत ‘शकर’ आणि अरबीत ‘सुक्कर’ झाली. पुढे अरबांनी ऊस सिसिली आणि स्पेनपर्यंत नेला, तेव्हा माल आणि नाव दोन्ही युरोपात पोचले आणि मध्ययुगीन लॅटिन व फ्रेंच यांच्यामार्फत इंग्रजीला ‘शुगर’ मिळाली. ‘कँडी’ही अशीच, ‘खंड’ या शब्दापासून फारसी ‘कंद’मार्गे गेलेली. गंमत ‘जॅगरी’ची, म्हणजे गुळाच्या इंग्रजी नावाची आहे. मलबार किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी उचललेला तो शब्दही शेवटी शर्करेपाशीच येतो; म्हणजे 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेला आपला कोल्हापुरी गूळ इंग्रजी वेष्टनावर साखरेच्याच एका नावाने विकला जातो.

हे सारे व्यापारातले उसने शब्द आहेत. संस्कृत आणि इंग्रजी यांचे नाते आहे, पण ते आई-मुलीचे नसून दूरच्या बहिणींचे आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच, कदाचित लुप्त झालेल्या मूळ भाषेतून आल्या असाव्यात, हे संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यातच मांडले होते. त्या मूळ भाषेतला एक ‘क’सारखा ध्वनी संस्कृतात ‘श’ झाला आणि इंग्रजीच्या शाखेत ‘ह’. म्हणून ‘शत’ला ‘हंड्रेड’ आणि ‘श्वान’ला ‘हाउंड’ जुळतो. ‘शुगर’ वारशाने आली असती, तर तिच्या आरंभी ‘ह’ यायला हवा होता. तो नाही, यावरूनच ती बाहेरून आल्याचे कळते. केवळ उच्चार सारखे वाटतात म्हणून व्युत्पत्ती लावणाऱ्यांनी हा साधा ताळा तरी करून पाहावा.

शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेल्या शाहूपुरी या कोल्हापुरातल्या बाजारपेठेने गुळाचा व्यापार मोठा केला. आपले दैनिक गुळाच्या हंगामावर पुरवणी काढील, तेव्हा भावांच्या तक्त्याशेजारी या शब्दांच्या वाटा दाखवणारा एक छोटा नकाशा छापावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर