'नगण्य' पाणी आणि वगळलेली चौकट

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला, समुद्रात झिरपणाऱ्या भूजलावरचा लेख वाचला. लेखक विद्वान असतीलच. पण 'नद्यांच्या मानाने हे पाणी नगण्य' या एका वाक्यावर त्यांनी खडकाळ किनाऱ्यावरचे सगळे जीव निकालात काढले, ते काही रात्रभर डोक्यातून जाईना.

गोड्या भूजलाचा वाटा नद्यांच्या मानाने थोडा आहे, मान्य. पण हा हिशेब अख्ख्या समुद्राचा झाला. खडकाला चिकटून बसलेला शंख काही समुद्राच्या सरासरीत राहत नाही, तो एका भेगेच्या शेजारी राहतो. त्या भेगेतून काय येतं, एवढ्याशीच त्याचा संबंध. शिवाय ओहोटीला समुद्र खाली गेला की जमिनीतल्या पाण्याचा जोर वाढतो, आणि खडक उघडे पडतात तेही त्याच वेळी. पातळ करायला वर समुद्राचं पाणी नसतं. लेखात ओहोटी हा शब्दच नाही, मी दोनदा शोधला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरचे जीव मोजण्याच्या एका मोहिमेत हौशी मदतनीस म्हणून गेले होते. खडकावर चौकट ठेवायची आणि आत जे दिसेल ते मोजायचं, एवढंच काम. एका ठिकाणी पाय ठेवला तर पाणी एकदम गार. ऊन कडक, शेजारच्या डबक्यातलं पाणी कोमट आणि इथे मात्र भेगेतून गार धार. बोट चाटून पाहिलं, तर मचूळ. त्या भेगेपासून खाली पाण्यापर्यंत उल्वा शेवाळाचा हिरवागार, निसरडा पट्टा होता आणि त्यात समुद्री अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखा शेवाळ खाणारा जीव, औषधालासुद्धा नव्हता. चार पावलांवरच्या खळग्यांत मात्र अर्चिन दाटीने बसलेले, आणि तिथला खडक चाटूनपुसून साफ.

मी चौकट ठेवायला वाकले तोच आमचे गटप्रमुख धावत आले. "काकू, तिथे नको. तिथलं पाणी वेगळं आहे, आकडे बिघडतात."

आकडे बिघडतात! मग आम्ही उन्हात कशासाठी उभे होतो? खारटपणा मोजायचं यंत्र आणलेलं होतं, पण ते डब्यातून बाहेर निघालं नाही. पुढे अहवाल आला. त्यात तो किनारा 'सर्वत्र एकसारखा' होता. असणारच, जे वेगळं होतं ते मोजायचंच नाही असं ठरलेलं. तुमच्या लेखकांना 'परिणामाचा पुरावा आढळत नाही' हे लिहायला असेच अहवाल उपयोगी पडले असावेत, अशी मला दाट शंका आहे.

अर्चिन आणि तारामासे यांना अंगातल्या पाण्याचा खारटपणा राखता येत नाही. शिंपला मिटून बसू शकतो, खडकाला चिकटलेलं कवचवालं बार्नेकल झाकण लावून घेतं, अर्चिनला ती सोय नाही. तो तिथे टिकत नाही, म्हणजे शेवाळ खाणाराच गेला. शिवाय जमिनीतून खतातलं वगैरे नायट्रेट येतं, ते शेवाळाला वेगळंच खाद्य. लेखकांनी फक्त खतावर बोट ठेवलं आणि तेही 'आता वापर कमी झाला आहे' म्हणत. महाशय, भूजल कधी कधी दशकानुदशकं वाटेत असतं. आज भेगेतून येणारं नायट्रेट कुठल्या सालच्या शेतातलं आहे, ते भेगेला विचारा. जोहान्स या शास्त्रज्ञांनी 1980 मध्येच या पाण्याच्या परिणामांकडे लक्ष वेधलं होतं. आणि आकड्यांचीच हौस असेल, तर मूर या शास्त्रज्ञांनी 1996 मध्ये भूजलाबरोबर समुद्रात येणारं रेडियम मोजून अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचं भूजल तिथल्या नद्यांच्या पाण्याच्या सुमारे 40 टक्के धरलं होतं. त्यात जमिनीत शिरून परत आलेलं खारं पाणीही होतं, हे खरं, पण नायट्रेट आणायला त्याला कोणी मनाई केलेली नाही.

हे पाणी वाईटच असतं असंही मी म्हणत नाही. भर उन्हातल्या ओहोटीत तो गारवा काही जिवांना तारतही असेल. त्यासाठी सुद्धा आधी चौकट तिथे ठेवावी लागते.

जाता जाता, लेखाबरोबरचं छायाचित्र. चित्रात स्वच्छ समुद्री अर्चिन आहे आणि खाली छापलंय 'काटेरी शेवाळ'. जो शेवाळ खातो त्यालाच आपण शेवाळ करून टाकलंत. विज्ञानाचं पान तपासायला कोणी असतं का, की जाहिरातींतून उरलेल्या जागेत जे बसेल ते? दुरुस्ती पहिल्या पानावर नको, निदान शब्दकोड्याच्या उत्तरांखाली तरी छापावी.

आपली,
एक जुनी वाचक