चि. मनूस, फाइल परत पाठवतोय

चि. मनू,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता रात्रीची गाडी धरलीस. आईनं बांधलेला दशम्यांचा डबा ओट्यावरच राहिला. ‘पोराला उपाशी मारशील’ हे मी बोलायला नको होतं, ओमसमोर तर नकोच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. तू नोकरी सोडायची म्हणतेस, त्याबद्दल या पत्रात अवाक्षर काढणार नाही, असं तुझ्या आईला कबूल केलंय.

गडबडीत तुझी हिरवी फाइल इथंच राहिली. वाचनालयात त्या अमेरिकेतल्या काळ्या लेखिकेवर, टोनी मॉरिसनवर बोलायचंय ना तुला, ती. लागेल म्हणून पाठवतोच आहे, पण पाठवण्याआधी वाचली. न विचारता वाचली, रागावू नकोस. इंग्रजी उतारे सोडले, तुझी मराठी टिपणं मात्र तीनदा वाचली. एके ठिकाणी मी अडकलो, आणि तू तिथं एका ओळीत पुढं गेली आहेस: ‘वडील जॉर्ज वॉफर्ड. गोदीत वेल्डर. सीमवर सही.’

मनू, तिथं एका ओळीत पुढं जाऊ नकोस. व्याख्यानात तिथं थांब.

समासात तू बारीक अक्षरात ती हकीकत लिहिली आहेस. ओहायोत, लोरेन गावी, वॉफर्ड जहाजाच्या पत्र्यांचं वेल्डिंग करत होते. एक दिवस सीम, म्हणजे वेल्डिंगचा जोड, अगदी मनासारखी उतरली, तर त्यांनी तिच्यावर आपलं नाव घातलं. पोरगी, म्हणजे मॉरिसनबाई, म्हणाली, ते कुणाला दिसणार? ते म्हणाले, मला माहीत आहे ना ते तिथं आहे.

आता मी सांगतो ते ऐक. मी साखर कारखान्यात वेल्डर. बॉयलरच्या ट्यूबा इतक्या जवळ जवळ असतात की मागच्या बाजूला डोकं जात नाही. तिथं आरसा बांधून, आरशात बघत जोड मारायचा. हात डावीकडे नेला की आरशात काहीतरी भलतंच दिसतं. श्वास धरून रॉड फिरवायचा, स्लॅग ठोकून काढायचा, ब्रश मारायचा, परत बघायचं. आणि मग शेजारी माझ्या नंबराचा पंच ठोकायचा, डब्ल्यू ११. ऑक्टोबरात बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायचं, पाहुणे यायचे, नारळ फुटायचे, फोटो निघायचे. आत डब्ल्यू ११ कुठं कुठं आहे ते मला एकट्याला पाठ होतं. पण माझा पंच नियमाचा होता. जोड फुटला तर कुणाला धरायचं ते कळावं, म्हणून. वॉफर्डना कुणी सही करायला सांगितलं नव्हतं. काम चांगलं झालं म्हणून त्यांनी केली. हा फरक मी तीन दिवस मनात घोळवतोय.

तुझ्या पुस्तकांच्या भाषेत याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. पण ज्या घरात बाप असं बोलतो, त्या घरातली पोरगी वाक्य कशीही जोडून पुढं जाणार नाही, एवढं मला कळतं.

वॉफर्ड मूळचे दक्षिणेतले, जॉर्जियाचे. पंधराएक वर्षांचे असताना त्यांच्याच गल्लीतल्या दोन काळ्या व्यापाऱ्यांना गोऱ्या जमावानं मारून टाकलं. त्यानंतर ते गाव सोडून उत्तरेला आले. जे पाहिलं ते पोरांना कधी बसवून सांगितलं नाही, असं तू लिहिलंयस. मला ते पटलं. बापमाणसाला काही गोष्टी सांगता येत नाहीत, पण लेकरांना त्या कळतात. तुलाही कळल्या होत्या. मला वाटायचं तू झोपलेली आहेस.

मॉरिसनबाई शाळकरी असताना एका गोऱ्या बाईच्या घरी साफसफाईला जायच्या. आठवड्याला २ डॉलर मिळायचे, त्यातला अर्धा वाटा आईला. ती बाई फार छळायची. पोरीनं घरी येऊन रड सांगितली, तर बापानं कुरवाळलं नाही. म्हणाले, तू तिथं राहत नाहीस, इथं राहतेस, आपल्या माणसांत. कामावर जा, पैसे घे आणि घरी ये.

बघ, ‘काम सोड’ नाही म्हणाले! कामावर जा म्हणाले. तुझा साहेब बोलतो, माणसाला माणूस समजत नाही, सगळं मान्य. पण तू तिथं राहत नाहीस. एक तारखेला पगार होतो, पीएफ कापला जातो, ओमचा मेडिक्लेम ऑफिसचा आहे. गेल्या वर्षी त्याला डेंग्यू झाला तेव्हा ते बिल आपण खिशातून भरलं असतं का? सात वर्षं झाली तुझी तिथं. सात वर्षांवर पाणी सोडायचं म्हणजे…

आलंच बघ. नको म्हणता म्हणता आलं. माफ कर.

पण भीती कुठली आहे ते तरी सांगू दे. तू नववीत होतीस. कारखान्यानं चौदा महिने पगार केला नाही. सीझन होता, ऊस येत होता, आम्ही कामावर जात होतो, फक्त पगार नव्हता. आईच्या पाटल्या गेल्या ते तुला माहीत आहे. त्या दिवशी मी सोनाराच्या दुकानाच्या पायरीवर अर्धा तास बसून होतो, ते माहीत नाही. राजूकाकानं बघितलं आणि उसाचा रस पाजून घरी आणलं.

त्या लोरेनच्या घराची गोष्ट वाचताना मला तीच पायरी आठवली. मॉरिसनबाई दोनेक वर्षांच्या होत्या. महिन्याचं ४ डॉलर भाडं थकलं म्हणून घरमालकानं माणसं आत असताना घराला आग लावली. आणि घरचे रडले नाहीत, त्या माणसाच्या करणीवर हसले! माणसाच्या जिवाची किंमत ४ डॉलर करणारा तो केवढा हास्यास्पद, म्हणून हसले. त्यांच्या पुस्तकांतली माणसं एवढं सोसूनही हसतात, ते या घरातून आलं असं तू लिहिलंयस. ते पान वाचून मी आईला म्हटलं, आपण त्या चौदा महिन्यांत एकदा तरी हसलो होतो का गं? ती म्हणाली, तुम्ही नव्हता हसत, आम्ही दोघी हसायचो. मला हे आजवर माहीत नव्हतं.

दिवाळी अंकातल्या तुझ्या कथेवर मी दोन महिने बोललो नाही. डोळ्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलेला बाप आणि त्याला पुस्तक वाचून दाखवणारी पोरगी. सगळ्या कॉलनीनं ओळखलं. मला वाटलं, घरातलं चव्हाट्यावर मांडलं पोरीनं. डोळ्याला वेल्डिंग लागलं की रात्रभर वाळू घासल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, उजेड सोसत नाही. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचीस, आतला दिवा माझ्यावर पडू नये म्हणून दार अर्धं लोटून, आणि दुसरीच्या पुस्तकातले धडे वाचायचीस. कथेत तू लिहिलंस की बाप रडत होता आणि वेल्डिंगचं निमित्त होतं. ते मला झोंबलं, कारण ते खरं होतं.

आता फाइलमध्ये वाचलं. मॉरिसनबाईंची शाळेतली एक मैत्रीण त्यांना म्हणाली, देव नाही; मी दोन वर्षं निळे डोळे मागितले, त्यानं दिले नाहीत. एका पोरीचं एवढं बोलणं. ते त्यांनी वीस-पंचवीस वर्षं सांभाळलं आणि १९७० साली त्याचं ‘द ब्लूएस्ट आय’ झालं. गाव तेच, लोरेन. त्या काळ्या पोरीला आपण कुरूप आहोत असं कुणी शिकवलं, हे त्या मैत्रिणीला त्या वेळी विचारता आलं नाही, ते पुस्तकात विचारलं. म्हणजे लिहिणारी माणसं असं साठवून ठेवतात आणि त्यात चहाडी नसते, हे मला ते वाचून कळलं. तुझ्या कथेबद्दल जे बोललो ते मागे घेतो. कथा चांगली आहे. दुसऱ्यांदा वाचली. चकत्या मात्र आई जाड कापायची, तू पातळ लिहिल्या आहेस.

मॉरिसनबाईंचा नवऱ्याशी, हॅरॉल्ड मॉरिसनशी काडीमोड १९६४ साली. त्या वेळी पोटात दुसरं मूल. त्याही आईबापांकडे लोरेनला आल्या, तू आलीस तशाच. मग मोठा तीन-चार वर्षांचा आणि धाकटा तान्हा, अशी दोन पोरं घेऊन सिरॅक्यूजला पाठ्यपुस्तकांच्या संपादनाच्या नोकरीवर गेल्या. ओळखीचं कुणी नाही. वॉफर्ड तेव्हा काय म्हणाले असतील? फाइलमध्ये नाही ते. मी खूप शोधलं.

तिथं त्या पोरं झोपल्यावर लिहायच्या, नाहीतर पोरं उठायच्या आधी, पहाटे. मांडीवरच्या बाळानं कागदावर संत्र्याचा रस ओकला, तर तो पुसायला थांबल्या नाहीत, हातातलं वाक्य निसटू नये म्हणून त्या डागाच्या कडेकडेनं लिहीत गेल्या. हे वाचून आई खूप हसली, मग डोळे पुसले. तूही चारला उठतेस, ओमनं सांगितलं मला. ‘मम्मा अंधारात लिहिते,’ म्हणाला. झोप किती होते तुझी? कपाळाची नस अजून दुखते का?

पुढं रँडम हाऊस या प्रकाशनसंस्थेत संपादक. पहिली कादंबरी छापून आली तरी आपण लिहितो हे ऑफिसात सांगितलं नव्हतं. मुहम्मद अलीचं आत्मचरित्र बाईंनीच संपादित केलं. आम्ही फिटर शॉपमध्ये अलीचं कात्रण चिकटवलं होतं, आठवतंय? आणि ‘बिलव्हेड’ या कादंबरीची ठिणगीही ऑफिसच्या कामातच सापडली. १९७४ च्या ‘द ब्लॅक बुक’ या काळ्या लोकांच्या इतिहासाच्या संग्रहासाठी जुनी कात्रणं चाळताना मार्गारेट गार्नर भेटली. १८५६ साली ती केंटकीतून लेकरांसह पळाली, नदी ओलांडून सिनसिनाटीला आली, पकडायला माणसं आली तेव्हा लेक पुन्हा गुलाम होऊ नये म्हणून तिनं स्वतःच्या हातानं लेकीला मारलं. ते पान मी एकदाच वाचलं. तीनदा वाचली म्हटलं त्यात ते नाही.

तर माझा मुद्दा मी मनात पक्का केला होता. ऑफिस होतं म्हणून ते कात्रण सापडलं. नोकरीनं घर चाललं, वर पुस्तकही दिलं. रात्री उठून कागदावर लिहूनही ठेवलं, तुला सांगायला.

आणि मग शेवटचं पान. १९८३ साली बाईंनी नोकरी सोडली. काही दिवसांनी हडसन नदीकाठी, घरासमोरच्या धक्क्यावर बसल्या होत्या, जीव कासावीस होत होता आणि कशानं ते कळेना. मग कळलं, हा आनंद आहे, आपण मोकळे झालो आहोत. तिथंच ‘बिलव्हेड’ सुरू झाली. १९८७ ला आली, पुढच्या वर्षी पुलित्झर, १९९३ ला नोबेल. ते मोकळं झाल्याचं वाक्य तू लाल पेनानं अधोरेखित केलंयस.

मी मुद्द्याचा कागद फाडून टाकला. पण हिशेब केला, तो सांगतो. १९६५ ते १९८३ म्हणजे अठरा वर्षं. चार कादंबऱ्या छापून झाल्यावर, पोरं हाताशी आल्यावर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. तू चौतीसची आहेस आणि ओम सहाचा. यात मी काही चुकीचं म्हणतोय का? आणखी चार-पाच वर्षं, मनू. तोवर मी आहे.

तोवर मी आहे, असं लिहिलं खरं.

१९७७ ला ‘साँग ऑफ सॉलोमन’ आली, त्याआधीच वॉफर्ड गेले होते. ती कादंबरी पुरुषांची, आणि मनातल्या मनात त्यांनी गेलेल्या बापालाच विचारलं की तुम्ही पुरुष असता तरी कसे? अर्पणपत्रिकेवर एकच शब्द आहे, ‘डॅडी’. बापाला तो वाचता आला नाही. मला तुझं पुस्तक वाचायचंय, मनू. म्हणून घाई करू नको म्हणतो आणि म्हणूनच लवकर लिही असंही वाटतं. दोन्ही एकाच तोंडानं कसं सांगू?

‘सुला’ ही कादंबरी त्यांनी दोन्ही मुलांना अर्पण केली. मुलं घरातच होती, तरी लिहिलं की ती गेलेली नाहीत आणि मला त्यांची आठवण येतेच आहे. पुढं धाकटा स्लेड २०१० साली कॅन्सरनं गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. बाई ‘होम’ ही कादंबरी लिहीत होत्या, हात थांबला. आपल्यामुळे आईचं लिखाण बंद पडलं हे त्याला आवडलं नसतं, असं मनाशी म्हणून त्यांनी ती पुरी केली, त्याच्याच नावानं. हे वाचल्यापासून मी ओमला रोज व्हिडिओ कॉल लावतोय आणि तू कापते आहेस. त्याला तरी दे.

एक विचारायचं राहिलं. बाईंचं मूळ नाव क्लोई वॉफर्ड. बाराव्या वर्षी कॅथलिक झाल्यावर अँथनी हे नाव घेतलं, त्याचं टोनी झालं, आणि मॉरिसन हे नवऱ्याचं. पहिल्या पुस्तकावर तेच छापलं गेलं, त्याची पुढं त्यांना रुखरुख लागली. तू कथेखाली अजून तिकडचंच आडनाव लावतेस. मी कधी विचारलं नाही. आमचंच लाव असं नाही म्हणत. ओमचं काय, कागदपत्रांचं काय, मला सगळं कळतं. पण पुस्तक छापायला जाईल तेव्हा नाव विचार करून घाल.

फाइल, शेंगदाण्याची चटणी, आईनं उसवून नीट केलेला ओमचा स्वेटर आणि माझ्या पेटीतला डब्ल्यू ११ चा पंच, असं एकत्र बांधून उद्या सकाळच्या गाडीनं कंडक्टरजवळ देतोय. अकराच्या सुमारास स्वारगेटला पोहोचेल. पंच वजनाला जड आहे, ओमच्या हाती देऊ नकोस, बोटावर पाडून घेईल. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून वापर.

राजीनामा दिला असशील तर कळव. नसशील तरी कळव. महिन्याला किती लागतात तो आकडाही लिही. पेन्शन थोडी आहे, पण मी आणि आई बघतो काय जमतं ते.

तुझे
अण्णा