दोन्ही डोळे एकदम अधू झाले, तर कानाचीही चौकशी करा

महोदय,

डोके ठणकते, मान आखडते, कानात गुणगुण होते, केस विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळते आणि चार-आठ दिवसांत दोन्ही डोळ्यांना धूसर दिसू लागते. या तक्रारी एकापाठोपाठ आल्या, तर ‘व्होग्ट-कोयानागी-हाराडा’ हा आजार डॉक्टरांना आठवलाच पाहिजे. प्रत्यक्षात डोकेदुखीचे कागद फिजिशियनकडे, कानाचे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे आणि नजरेचे आम्हा नेत्रतज्ज्ञांकडे राहतात. ते एकत्र कोणी वाचत नाही आणि निदान तिथेच निसटते.

यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते. या पेशी डोळ्याच्या पडद्यामागील कोरॉइड थरात, आतल्या कानात, मेंदूच्या आवरणात आणि त्वचेत असतात. १९०६ साली व्होग्ट यांनी पापण्यांचे केस पांढरे होण्याची नोंद केली, १९२६ साली हाराडा यांनी पडद्याखाली साचणाऱ्या पाण्याची; आजार एकच, हे नंतर उमगले. कोड आणि पांढरी बट आठवड्या-महिन्यांनी दिसतात. निदानासाठी त्यांची वाट पाहू नये.

सर्वांत महागात पडते ती ‘सेंट्रल सिरस’ या पडद्याच्या दुसऱ्या आजाराशी होणारी गल्लत. पाणी दोन्हींत साचते. पण तिथे स्टिरॉइडने ते वाढते, इथे स्टिरॉइड हाच उपचार. सेंट्रल सिरस बहुधा एकाच डोळ्यात असतो आणि सूज नसते. व्होग्ट-कोयानागी-हाराडात ओसीटीवर (पडद्याच्या थरांच्या स्कॅनवर) पाणी कप्प्याकप्प्यांत दिसते, कोरॉइड जाड व सुरकुतलेला असतो. अँजिओग्राफीत, म्हणजे शिरेतून रंग देऊन काढलेल्या पडद्याच्या फोटोंत, आधी टाचणीच्या टोकाएवढे असंख्य ठिपके उमटतात, शेवटच्या फोटोंत तिथे रंग साठतो. तालुक्याच्या गावी ओसीटी नसेल, तर डोळ्याच्या साध्या सोनोग्राफीतही कोरॉइडची जाडी कळते. पूर्वी डोळ्याला आरपार इजा किंवा शस्त्रक्रिया झाली होती का, हेही विचारावे; झाली असेल, तर ‘सिंपथेटिक ऑफ्थॅल्मिया’ (एका डोळ्याच्या इजेनंतर दोन्ही डोळ्यांत उठणारी सूज) हुबेहूब असाच दिसतो.

स्टिरॉइडपूर्वी क्षयरोग आणि सिफिलिसच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, साखर व रक्तदाब पाहणे आपल्याकडे टाळता येत नाही. पण या तपासण्यांत आठवडे घालवू नयेत. सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम सलाइनमधून ३ दिवस, मग प्रेडनिसोलोनच्या गोळ्या रोज वजनाच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅम, आणि हळूहळू कमी करत एकूण किमान ६ महिने.

घोटाळा होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. नजर सुधारलेली असते, चेहरा सुजलेला असतो, साखर चढलेली असते. रुग्ण गोळ्या परस्पर बंद करतो. मग सूज उलटते, बहुधा डोळ्याच्या पुढच्या भागात. बाहुली भिंगाला चिकटते, मोतीबिंदू आणि काचबिंदू मागे लागतात. स्टिरॉइड सोसत नसेल, तर मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन किंवा मायकोफिनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आहेत. त्यांना यकृताच्या आणि रक्तपेशींच्या नियमित तपासण्या लागतात, एवढेच. म्हणून सहकारी डॉक्टरांना विनंती, की केसपेपरवर डोसाशेजारी ‘या तारखेपूर्वी बंद करू नये’ असे मराठीत लिहावे आणि सोबतच्या नातेवाइकालाही ते वाचून दाखवावे.

– एक नेत्रतज्ज्ञ, सोलापूर