सुट्या सिगारेटची बंदी आणि बसलेले आवाज : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या खात्याने सुट्या सिगारेटी आणि बिड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आज कुठल्याही टपरीवर जा, पाकीट फोडून ठेवलेले आणि लायटर दोरीला लटकलेला. सुटी घेणाऱ्या पोराच्या हाती पाकीटच पडत नाही. म्हणजे धोक्याचे चित्र नाही आणि १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्तीचा नंबरही नाही. आदेश काढायचा आणि विसरून जायचे, हे किती दिवस चालणार?

आम्ही आवाजावर उपचार करतो, म्हणून आवाजाबद्दलच बोलतो. पाकिटावर कर्करोग दिसतो. आवाज त्याच्या कितीतरी आधी बिघडू लागतो, ते कुणी सांगत नाही.

स्वररज्जूंचे, म्हणजे घशातल्या ज्या पट्ट्या कंप पावून आवाज निघतो त्यांचे, आवरण पातळ आणि ओलसर असते. रोजच्या धुराने ते कोरडे पडते, जाड होते आणि त्याच्या खालच्या थरात चिकट द्राव साठतो. ही राइन्केची सूज. जड झालेली रज्जू सावकाश कंप पावते आणि आवाज खाली उतरतो. बाईचा बोलण्याचा आवाज साधारण २०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०० कंपने. तो १५० वर आला म्हणजे षड्जावरून थेट मंद्र पंचमावर. मग फोनवर तिला लोक ‘बोला साहेब’ म्हणू लागतात. दोन्ही रज्जूंची सूज सारखी नसते, त्यामुळे एकेका कंपनाचा वेळ बदलतो (जिटर) आणि जोरही (शिमर). रज्जू नीट मिटत नाहीत, हवा गळते, सुरात खरखर मिसळते.

हे मोजायला कोटींची यंत्रे लागत नाहीत. शांत खोली हवी. मायक्रोफोन तोंडापासून १० सेंटिमीटरवर, जरा बाजूला. अगदी समोर धरला तर श्वासाचा फटका नोंदला जातो. रुग्णाने तीनदा लांब ‘आ’ म्हणायचा, सुरुवात-शेवट सोडून मधले ३ सेकंद घ्यायचे. प्रात हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. मात्र आवाज फारच फाटलेला असेल तर जिटरच्या आकड्यावर विसंबू नये. तिथे अनुभवी कान आणि घशात पाहायची दुर्बीणच हवी. एका दमातला ‘आ’ १० सेकंदही टिकत नसेल तर तपासणी टाळू नये.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला की स्वरयंत्र दुर्बिणीने पाहायलाच हवे, ओढणाऱ्याचे तर नक्कीच. रज्जूवरची छोटीशी गाठही आवाज घोगरा करते, म्हणून हा कर्करोग लवकर सापडू शकतो आणि लवकर सापडला तर बहुतेक वेळा बराही होतो. पण माणसे ज्येष्ठमध चघळत महिने घालवतात, कारण जवळच्या दवाखान्यात दुर्बीण नाही आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. गरिबाचा आवाज गेला तरी व्यवस्थेच्या कानावर जात नाही, याचीच आम्हाला चीड आहे.

सिगारेट सुटली की सूज बरीच उतरू शकते. ओढणे चालू ठेवून शस्त्रक्रिया केली तर सूज परत येते. म्हणून तंबाखूमुक्ती केंद्रात पहिल्याच दिवशी आवाजाची नोंद घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा घेऊन रुग्णाला दोन्ही ऐकवा. कोणत्या जिल्हा रुग्णालयात स्ट्रोबोस्कोप (रज्जूंची कंपने संथ करून दाखवणारे उपकरण) आहे, कुठे नाही, त्याची यादी जाहीर करा. आणि २०२० पासून सुट्या विक्रीवर किती कारवाया झाल्या, ते जिल्हावार सांगा. आम्ही उत्तराची वाट पाहत आहोत.

आपले,
आवाजावर उपचार करणारे काही वाचोपचारतज्ज्ञ