लाळ्या-खुरकुताचे 'जिवाणू' नसतात

महोदय,

लाळ्या-खुरकुताची साथ आली की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर हमखास 'लाळ्या-खुरकुताच्या जिवाणूंचा शिरकाव' अशी ओळ वाचायला मिळते. घटसर्पाच्या बातमीत नेमका 'विषाणू' येतो. मुद्रितशोधनाची चूक म्हणून सोडून दिले असते, पण खानापूर, आटपाडी, जत या भागांत कितीतरी घरांचा बाजारखर्च दोन-चार गायींच्या दुधावर चालतो. तिथे या दोन अक्षरांच्या फरकावर औषधाचा खर्च ठरतो.

लाळ्या-खुरकूत हा विषाणूचा रोग. प्राण्यांना आजारी पाडणारा पहिला ओळखला गेलेला विषाणू हाच. १८९८ मध्ये लोफ्लर आणि फ्रॉश या जर्मन संशोधकांनी आजारी जनावराच्या फोडातला द्रव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी खाली उतरलेल्या द्रवाने वासरे आजारी पडलीच. जिवाणू साधारण एक मायक्रोमीटरचा. हा विषाणू २५ ते ३० नॅनोमीटरचा, म्हणजे त्याच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्याएवढा. आत आरएनएचा एक धागा आणि वर प्रथिनांचे कवच, एवढाच त्याचा संसार. त्याला पेशीभित्तिका नाही आणि प्रथिने बनवणारे रायबोसोमही नाहीत. ते काम तो गायीच्या पेशीकडून करून घेतो. पेनिसिलिन जिवाणूची भिंत नीट बांधू देत नाही, ऑक्सिटेट्रासायक्लिन त्याचे रायबोसोम अडवते. ज्याच्याकडे या दोन्ही गोष्टी नाहीत त्याचे ही औषधे काय बिघडवणार? साथीत पशुवैद्यक प्रतिजैविक देतात ते खुराच्या जखमेत मागाहून शिरणाऱ्या जिवाणूंसाठी. ते त्यांनी ठरवायचे, औषध दुकानदाराने नव्हे.

घटसर्प आणि फऱ्या हे मात्र जिवाणूंचे रोग. घटसर्पात सणसणीत ताप येतो, गळा सुजतो, श्वास घरघरतो आणि जनावर दिवसभरातही जाऊ शकते. प्रतिजैविकाचा उपयोग इथे खरा, पण पहिल्या काही तासांत. 'विषाणूच आहे, औषध नाही' असे वाचून कुणी सकाळची वाट पाहत बसला, तर गाय गेलीच समजा. दोन्हींवरची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यायची. लाळ्या-खुरकुताची दर सहा महिन्यांनी. वासराला पहिली चौथ्या महिन्यात आणि महिन्याने पुन्हा एक. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उन्हात तापली तर वाया, आणि बर्फाला चिकटून गोठली तरी वाया. हे दुसरे बरेच जण विसरतात.

गोठा धुताना विषाणू-विषाणूंतला फरकही आडवा येतो. लम्पीच्या विषाणूवर चरबीचे वेष्टन असते, ते साबणाने फुटते. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूला असे वेष्टनच नाही, त्यामुळे साबण किंवा हाताला लावायचे सॅनिटायझर यांवर विसंबून चालत नाही. तो आम्लात किंवा अल्कलीत मोडतो. दहा लिटरच्या बादलीत ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) विरघळवला की चार टक्क्यांचे द्रावण होते. आधी शेण खरवडून जमीन घासून घ्यावी, कारण शेणाच्या थराखाली विषाणूला औषध पोचत नाही. मग दावण, जमीन आणि चपला या पाण्याने भिजवाव्यात. त्यात व्हिनेगर किंवा लिंबू मिसळू नये. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि हाती नुसते खारट पाणी उरते. जखमेवर सोडा लावू नये. तिथे लिटरला एक ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट पुरते.

प्रतिजैविकाची करामत घरात पाहायची असेल तर विरजणाचे भांडे बघावे. दगडी (कासेचा दाह) झालेल्या गायीच्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली आणि त्याच दिवशीचे दूध विरजले, तर सकाळी भांड्यात दूधच असते, फार तर कडेला फाटलेले. दोष विरजणाचा नसतो. दही लावणारे जिवाणूच दुधात उतरलेल्या औषधाने मरतात. ट्यूबवर जितके तास लिहिले असतील तितके तास दूध संकलन केंद्रावर घालू नये, ते एवढ्यासाठीच.

तिसऱ्या गटाचे नाव तर बातम्यांत येतच नाही. १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएची तुलना करून दाखवले की मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव जिवाणूंपासून फार पूर्वीच वेगळे झाले आहेत. त्यांना आर्किया म्हणतात. दिसायला जिवाणूसारखे, पण भित्तिकेचा माल निराळा आणि पेशीच्या पटलातली चरबीही निराळ्या पद्धतीने जोडलेली. पेनिसिलिन ज्या भित्तिकेवर चालते ती यांच्याकडे नाही. माणसाला निश्चितपणे आजारी पाडणारा आर्किया आजवर सापडलेला नाही. गायीच्या पोटात मात्र ते भरपूर असतात, म्हणून गोबरगॅसला वेगळे विरजण लागत नाही. ताजे शेण हेच विरजण.

टाकीत दोघांची वाटणी असते. जिवाणू शेण कुजवून आम्ले, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतात, आर्किया त्यातून मिथेन. जिवाणू तासांत दुप्पट होतात, आर्कियाला काही दिवस लागतात. सगळी भानगड या वेगातल्या फरकाने होते. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण आणि तेवढेच पाणी पुरते. लग्नकार्यातले उरलेले जेवण एकदम ओतले की आम्ल साचते, पीएच (आम्लतेचा आकडा) साडेसहाच्या खाली जातो आणि आर्किया थांबतात. गॅस साठण्याचा डोम भरतो, पण शेगडी पेटत नाही, कारण आत बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो. अशा वेळी आणखी शेण घालणे म्हणजे आगीत तेल. चार-आठ दिवस भरणी बंद ठेवावी, चुन्याची निवळी थोडी थोडी सोडून पट्टीवर बघत पीएच सातच्या आसपास आणावा, आणि चालू संयंत्रातली बादलीभर स्लरी ओतावी. थंडीत गॅस कमी येतो त्यात मात्र बिघाड नाही; वीस अंशांखाली आर्किया मंदावतातच. दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात शेण कालवले तर थोडा फरक पडतो.

प्रतिजैविक दिलेल्या गायीचे शेणही टाकीतल्या या वाटणीमुळेच काही दिवस बाजूला टाकावे. पेनिसिलिनने आर्किया मरत नाहीत, पण त्यांना खाद्य पुरवणारे जिवाणू मरतात आणि आर्कियाची उपासमार होते. फिनेल तर कुणालाच सोडत नाही. गोठा धुतलेले फिनेलचे पाणी संयंत्राच्या तोंडाशी जात असेल, तर त्याची नाली आजच दुसरीकडे वळवावी.

सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक,
विटा, जि. सांगली