गर्दीला दोष कशाला?

महोदय,

केळी कटाईच्या ऐन दिवसांत रावेर-यावलचे शेतकरी सकाळी भाव पाहायला एक संकेतस्थळ उघडतात आणि ‘टू मेनी कनेक्शन्स’ (जोडण्या फार झाल्या) वाचून मोबाइल खिशात टाकतात. मग बऱ्हाणपूरचा भाव व्यापाऱ्यालाच फोन करून विचारायचा! चालकांचं उत्तर ठरलेलं: गर्दी फार होती. माझं पोट प्रोग्रामिंगवरच चालतं, म्हणून लिहितो. मायएसक्यूएल हा माहिती साठवणारा डेटाबेस; एका वेळी त्याला किती जोडण्या चालतील, याची मूळ मर्यादा १५१. संकेतस्थळाच्या सर्व्हरवर २०० थ्रेड (एकाच वेळी वेगवेगळ्या मागण्या हाताळणारे प्रोग्रामचे धागे) असले आणि प्रत्येकाने काम संपल्यावरही आपली जोडणी अडवून ठेवली, तर दुसरं काय होणार? रिकामी जोडणी डेटाबेस स्वतःहून तोडतो, पण २८,८०० सेकंदांनी, म्हणजे तब्बल आठ तासांनी.

जोडणी टिकवण्यात गैर काही नाही; दरवेळी नवी उघडण्यात वेळ जातोच. फक्त ती थ्रेडच्या नावावर न करता सामायिक पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या एकाच साठ्यात ठेवावी. घ्या, डेटाबेसमधला व्यवहार पूर्ण किंवा रद्द करा, लगेच परत करा. (एकच जोडणी एकाच वेळी दोन थ्रेडना देणारे हुशारही भेटलेत, तिथे उत्तरांची सरमिसळ होते.) नुसती मर्यादा वाढवली तर मेमरी संपू शकते. देखभालीचं पुढचं बिल मंजूर करण्याआधी चालकांनी कंत्राटदाराला पूलचा आकार तेवढा विचारावा.

– एक प्रोग्रामर, भुसावळ