विसार देण्याआधी

मडगाव

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, फोनवर हा विषय निघाला की आपलं वाजतं, म्हणून लिहिते आहे. खाणी पुन्हा सुरू होतायत म्हणून तुम्ही उसगावला सेकंडहँड ट्रक बघून आलात, रविवारी विसार देणार, आणि पैसे आईच्या एफडीतले, हे कळलं. (आईवर रागावू नका, मीच खोदून विचारलं.)

आपला आधीचा ट्रक आठवा. 2010 मध्ये 14 लाखांना घेतलात तेव्हा गोव्यातून चीनला लोहखनिज धावत होतं. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. पुढच्या वर्षी एक जण 6 लाख द्यायला तयार होता. ‘चौदाचा सहाला?’ म्हणत तुम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावलंत. मग ‘चवथ जाली की सुरू जातलें’ हे आपण किती गणेश चतुर्थ्या ऐकलं? 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली, पण वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून. तुमच्या वाट्याला किती ट्रिपा आल्या, वहीत आहे. 2018 मध्ये खाणींची 88 लीज रद्द झाली आणि फणसाखालचा ट्रक सव्वादोन लाखांना भंगारात गेला.

तेव्हा मला तो तुमचा हट्ट वाटायचा. पण कानेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडलं होतं, की कमावल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख माणसाला कितीतरी जास्त लागतं. विकला असता तर तोटा पक्का झाला असता. उभा ठेवला म्हणजे अजून झालेला नाही, असं मन सांगतं. मी तरी काय केलं? मार्च 2020 मध्ये सेन्सेक्स कोसळला तशी घाबरून सगळे फंड विकून मोकळी झाले. डिसेंबरपर्यंत तो जुन्या उंचीच्याही वर होता. तुम्ही धरून बसलात, मी सोडून पळाले. भीती एकच.

आता मात्र तुम्ही हिशेब मांडताय तो 2010 च्या ट्रिपांवर. साखळीच्या बाजारात ट्रकवर घर बांधलेले भेटतात. हप्ते थकून ज्यांचे ट्रक बँकेने ओढून नेले ते तिथे गप्पांना थांबत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला खटकते. खाणी पुन्हा सुरू होत असताना उसगावचा तो माणूस चालता ट्रक का विकतोय? अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्याच बाजारावर निबंध लिहिला. गाडीचं दुखणं विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, आणि बाजारात मोडक्याच उरतात. 2001 मध्ये त्याला नोबेल मिळालं. आपल्या गॅरेजवाल्याला हे नोबेलशिवाय कळतं, त्यालाच बरोबर नेऊ.

शनिवारी मी येते. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, फिटनेस कधी संपतो, ते बघू. आई, माळ्यावरची ट्रिपांची वही काढून ठेव. 2010 ची नको, 2015 नंतरची.

आणि बाबा, विसार आधीच दिला असलात तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही. थोडी रागावेन.

तुमची,
बाय